माळावरील काळी खपली : नॉस्टॉक ह्या जंतूची ओळख

जालना जिल्ह्यांतील कोणत्याहि माळावर वैशाखमासीं हिंडलें असतां वाळलेल्या कुसळीच्या ठोंबांमधून उघडी मुरमाड जमीन दिसते, व तिच्यावर ठिकठिकाणीं जळक्या कागदासारखे काळे पापुद्रे पडलेले आढळतात. पायाखालीं ते चुरचुरतात व बोटांत धरून चोळले तर त्यांची भुकटी होते. मृगाचा चांगला पाऊस होऊन गेल्यावर त्याच जागीं पुन्हां जावें. पापुद्र्यांच्या ठिकाणीं हिरवट-तपकिरी रंगाचा, लिबलिबीत व घड्या पडलेला पदार्थ फुगून बसलेला असतो. त्यावरून पाय घसरतो, यापलीकडे त्याच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाहीं. कोणी त्यास शेवाळ म्हणतो, कोणी पावसाबरोबर आलेली घाण समजतो. युरोपांतील खेडूत लोक तर एके काळीं तो तुटलेल्या ताऱ्याचा अंश मानीत असत. वस्तुतः तो एका सूक्ष्म जंतूचा मोठा समुदाय असून त्याचें शास्त्रीय नांव नॉस्टॉक कम्यून असें आहे. माळावरील मातीच्या संरक्षणाशीं त्याचा निकट संबंध असल्यामुळें कोरडवाहू शेतकऱ्यानें त्याची ओळख करून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम एका घोटाळ्याचें निरसन केलें पाहिजे. खपली म्हटली कीं ती फोडावयाची, हें आपल्या शेतकऱ्याच्या हाडींमासीं खिळलेलें आहे, आणि शेताच्या बाबतींत तें योग्यहि आहे. पेरणी झाल्यावर जोराची सर आली म्हणजे थेंबांच्या माऱ्यानें ढेकळांतील बारीक कण सुटे होतात, ते मातीच्या रंध्रांत जाऊन बसतात, आणि वर ऊन पडतांच त्यांचा कडक थर बनतो. बाजरीच्या नाजूक कोंबास हा थर भेदून वर येतां येत नाहीं. पुढील पावसाचें पाणीहि त्यावरून वाहून जातें. सोलापूर येथें १९३३ सालीं सुरू झालेल्या कोरडवाहू शेतीच्या संशोधनांत आंतरमशागतीवर जो भर देण्यांत आला, त्याच्या मुळाशीं हेंच कारण होतें, रा. कानिटकर यांच्या १९४४ सालीं प्रसिद्ध झालेल्या कोरडवाहू शेतीवरील ग्रंथांत ह्या पद्धतीचा ऊहापोह आहे. जालना त्या वेळीं निजामाच्या राज्यांत असल्यामुळें सोलापूरचे प्रयोग आपल्या भागासाठीं म्हणून केलेले नव्हते. तथापि दोन्हीकडील जमिनींचें मूळ द्रव्य एकच, म्हणजे दख्खनचा काळा पाषाण, आहे.

ही झाली निर्जीव खपली. माळावरील काळी खपली सजीव असते, आणि दोहोंचें कार्य परस्परांच्या अगदीं उलट आहे. निर्जीव खपली मातीचे कण विस्कटल्यामुळें उत्पन्न होते. सजीव खपली विस्कटलेले कण पुन्हां जोडते. ओळखण्याची खूण सोपी आहे. सुरीच्या टोंकानें खपलीचा बोटभर तुकडा अलगद उचलावा व उलटा करून भिंगाखालीं धरावा. निर्जीव खपली विटेच्या कपचीप्रमाणें स्वच्छ तुटते. सजीव खपलीच्या खालच्या बाजूस कोळिष्टकाच्या सुतांसारखे तंतु लोंबत असतात व त्यांस मातीचे बारीक कण मण्यांसारखे चिकटलेले दिसतात.

आतां मूळ जंतूकडे वळूं. नॉस्टॉक हें नांव सोळाव्या शतकांतील पॅरासेल्सस नामक वैद्यानें प्रचारांत आणिलें. १७५३ सालीं लिनीयसनें त्याची गणना शेवाळांत केली, व १८०३ सालीं व्होशे ह्या स्विस पंडितानें त्यास आजचें नांव दिलें. पुढें पुष्कळ वर्षें त्यास ‘निळें-हिरवें शेवाळ’ म्हणत, व अद्यापिहि व्यवहारांत तसेंच म्हणतात. परंतु खऱ्या शेवाळाच्या पेशींत जो केंद्रगोल असतो, तो ह्याच्या पेशींत नाहीं. म्हणून शास्त्रज्ञ त्यास आतां जंतूंच्या, म्हणजे बॅक्टेरियाच्या, वर्गांत घालतात. जंतु म्हटल्याबरोबर रोग डोळ्यांपुढें येतो. येथें तशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं. झाडाच्या पानाप्रमाणें सूर्यप्रकाशावर आपलें अन्न तयार करणारा हा जंतु आहे.

सूक्ष्मदर्शकाखालीं तो मण्यांच्या माळेसारखा दिसतो. अशा असंख्य माळा एका चिकट गोंदांत गुरफटलेल्या असतात, आणि पावसाळ्यांत हातास लागणारा लिबलिबीत भाग बहुतांशीं हा गोंदच होय. प्रत्येक माळेंत साधारणतः दहा-पंधरा मण्यांमागें एक मणी इतरांहून मोठा, फिकट व जाड कवचाचा असतो. ह्या मण्यास महत्त्व आहे, कारण हवेंतील नत्र बांधण्याचें काम तो करितो. नत्र बांधणारें द्रव्य प्राणवायूचा स्पर्श होतांच निकामी होतें, आणि प्रकाशावर अन्न बनवितांना तर प्राणवायु बाहेर पडतच असतो. एकाच पेशींत हीं दोन्ही कामें एकाच वेळीं चालणें कठीण. म्हणून जाड कवचाचा मणी अन्न करण्याचें सोडून देतो. शेजारचे मणी त्यास शर्करा पुरवितात व मोबदल्यांत त्याच्याकडून नत्र घेतात. गांवगाड्यांतील बलुत्याची आठवण व्हावी अशी ही व्यवस्था आहे; भेद इतकाच कीं, येथें बलुतें थकत नाहीं.

नॉस्टॉकचें खरें नवल त्याच्या वाळण्यांत आहे. आपल्या जिल्ह्यांत वर्षाकाठीं सरासरी साडेसहाशें ते साडेसातशें मिलिमीटर पाऊस पडतो, व त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने माळावरच्या जीवास पाण्याचा थेंबहि मिळण्याची शाश्वति नसते. चैत्र-वैशाखांत उघडा मुरूम इतका तापतो कीं अनवाणी पाय ठेववत नाहीं. अशा स्थितींत हा जंतु बीज धरून मरत नाहीं, कीं खोल जमिनींत दडीहि मारीत नाहीं. जागच्या जागीं वाळतो. आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारें वीस पट पाणी धरणारा त्याचा गोंद पापुद्र्याएवढा पातळ होतो. पेशींतील पाणी जातांना तेथें एक विशिष्ट शर्करा सांठते व ती पेशींच्या नाजूक पडद्यांस फाटूं देत नाहीं. गोंदांतील तपकिरी-पिवळें रंगद्रव्य उन्हांतील दाहक किरण अडवितें. ह्या अवस्थेंत तो किती काळ टिकावा ? लिपमन नांवाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानें वनस्पतिसंग्रहांत कागदावर चिकटवून ठेवलेला ८७ वर्षांपूर्वींचा नमुना भिजविला, तों त्यांतील जंतु पुन्हां वाढीस लागले. हा प्रयोग १९४१ सालीं प्रसिद्ध झाला.

परंतु ‘जिवंत होणें’ आणि ‘कामास लागणें’ ह्यांत अंतर आहे, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीनें हें अंतरच ध्यानांत घेण्यासारखें आहे. दीर्घकाळ वाळलेला नॉस्टॉक भिजला म्हणजे त्याची श्वसनक्रिया जवळजवळ लगेच सुरू होते. प्रकाशावर अन्न बनविण्याची क्रिया पूर्वपदावर येण्यास कांहीं तास लागतात. आणि नत्र बांधण्याचें काम पुरतें चालू होण्यास पांच-सहा दिवस जावे लागतात. म्हणजे भिजल्याबरोबर खर्च सुरू होतो, जमा मात्र मागाहून होते. एखादी हलकी सर येऊन दोन तासांत कडक ऊन पडलें, तर खर्चाची भरपाई होण्यापूर्वींच तो पुन्हां वाळतो. अशा फसव्या सरी वारंवार आल्या तर खपली क्षीण होते. दुबार पेरणीचा फटका बसलेल्या शेतकऱ्यास हें गणित वेगळें समजावून द्यावयास नको. उलट आठ-दहा दिवस झड लागली, आभाळ झांकलेलें राहिलें व जमीन ओली राहिली, म्हणजे हा जंतु खऱ्या अर्थानें कमावतो.

खपलींत नॉस्टॉक एकटा नसतो. त्याच्या सोबत्यांपैकीं मायक्रोकोलियस हा दोरखंड वळणारा जंतु होय. त्याचे अनेक तंतु एकाच म्यानांत दोराच्या पदरांप्रमाणें राहतात आणि मातीच्या कणांभोंवतीं वेढे घालून त्यांस बांधून टाकितात. तंतु पुढें सरकून गेले तरी रिकामीं म्यानें मातींत तशींच राहतात व तींहि कण धरून ठेवितात. तो पाण्याच्या मागावर चालतो. जमीन भिजली कीं तंतु वर येतात व पृष्ठभाग हिरवा दिसूं लागतो. ती वाळूं लागली कीं ते खालीं शिरतात. ही त्याची चाल २००१ सालीं प्रयोगानें दाखवून देण्यांत आली. ह्या दोरकऱ्यास स्वतः नत्र बांधतां येत नाहीं, त्यामुळें तो शेजाऱ्यांच्या नत्रावर अवलंबून असतो. दुसरा सोबती सायटोनिमा. हिंदुस्थानांतील निरनिराळ्या भागांतील खपल्यांची तपासणी करून तिर्की व अधिकारी ह्यांनीं २००५ सालीं जो लेख लिहिला, त्यांत ह्या जंतूचा उल्लेख ठळकपणें येतो. त्याच्या म्यानांत तपकिरी रंगद्रव्य विपुल असतें व खपलीचा काळेपणा बराचसा त्याच्यामुळें येतो. काळा रंग ऊन शोषितो हें उघडच आहे. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत अशा काळ्या खपलीखालची जमीन उजळ खपलीपेक्षां दहा अंशांपर्यंत अधिक तापलेली आढळली. थंड मुलखांत हा लाभ असेल; आपल्याकडे तो जंतूस स्वसंरक्षणासाठीं मोजावा लागलेला मोलच म्हटला पाहिजे.

आतां नत्राचा हिशेब. ह्या जातीच्या जंतूंचें शेतकीशीं असलेलें नातें हिंदुस्थानांतच प्रथम चांगलें उलगडलें, ही अभिमानाची गोष्ट आहे. भाताच्या खाचरांत वर्षानुवर्षें खत न घालतां पीक कसें येतें, ह्याचें कारण निळीं-हिरवीं शेवाळें होत, असें डे यांनीं १९३९ सालीं दाखविलें. रामनगिना सिंह यांनीं १९५० सालीं उत्तरेकडील उसर, म्हणजे खारवट-चोपण, जमिनी ह्याच शेवाळांच्या साहाय्यानें सुधारतां येतात असें मांडलें. त्या जमिनींवर वाढणाऱ्यांत आपला नॉस्टॉक कम्यून प्रमुख होता. सर्व पृथ्वीचा विचार केला तर जमीन, खडक व झाडें ह्यांवर वाढणाऱ्या अशा खपल्या, दगडफूल व शेवाळें दरवर्षीं सुमारें ४ कोटी ९० लाख टन नत्र बांधतात, असा अंदाज २०१२ सालीं करण्यांत आला.

हा आंकडा वाचून कोणी हुरळून जाऊं नये. पृथ्वी मोठी आहे व आपला माळ लहान. कोरड्या प्रदेशांतील खपली एका हेक्टरांत वर्षास थोडे किलोच नत्र बांधते. कपाशीच्या एका पिकाची भूकहि तेवढ्यानें भागणार नाहीं. गवताची गोष्ट निराळी. माळावरील पवन्या व मारवेल ह्यांस कोणी युरियाचें पोतें नेऊन घालीत नाहीं. तेथें मिळणारा प्रत्येक किलो नत्र हीच त्यांची शिदोरी. म्हणून कोणी विक्रेता ‘शेवाळ-खत’ म्हणून पुडा घेऊन दारीं आला व कोरडवाहू कपाशीस किंवा ज्वारीस तें टाका म्हणूं लागला, तर त्यास नम्रपणें परत पाठवावें. तें खत सांचलेल्या पाण्यांतील भातासाठीं आहे. आपल्या तुरी-हरभऱ्याच्या मुळांवरील गांठींचे जंतु वेगळे, त्यांचें बियाण्यास चोळण्याचें संवर्धन वेगळें, आणि त्यावर खर्च करणें शहाणपणाचें आहे.

येथें एक शंका निघण्यासारखी आहे. ही खपली इतकी गुणाची, तर ती दुधनेच्या किंवा पूर्णेच्या कांठच्या उत्तम काळ्या जमिनींत कां दिसत नाहीं ? कारण काळी जमीन स्थिर नसते. ती भिजली कीं फुगते, वाळली कीं आकसते, रुंद भेगा पाडिते, व वरचा थर सुटून भेगांत पडतो. ज्या घराचा पायाच दरवर्षीं हलतो, त्यावर छप्पर टिकणार कसें ? शिवाय तेथें वखर व तिफण दरवर्षीं फिरतेच. तेव्हां ह्या जंतूचें खरें ठिकाण म्हणजे भोकरदन-जाफराबादकडील अजिंठ्याच्या डोंगराचे उतार, अंबड-घनसावंगीकडील उंच माळ, गायरानें, जुने न खांडलेले बांध, आणि पाणलोटाच्या माथ्यावरील उथळ, हलक्या जमिनी. मोसंबीच्या जुन्या बागेंत नांगर न फिरलेल्या ओळींतहि तो पावसाळ्यांत दिसतो. झाडास त्यापासून अपाय नाहीं.

खपलीचें खरें मोल नत्रापेक्षां माती धरण्यांत आहे, असें माझें स्पष्ट मत आहे. जाडीनें ती नखाएवढीहि नसते. पण वळवाचा पहिला थेंब जेथें आदळतो तेथें ती उभी असते. त्या वेळीं माळावर हिरवें पान नसतें आणि वाळलेलें गवत चरून संपलेलें असतें. खपली नसेल तर थेंबागणिक माती उडते, उताराला लागते, व ओढ्यावाटे पाझर तलावांत जाऊन बसते. २०१२-१३ च्या दुष्काळांत जालना जिल्ह्यांतील तलाव उघडे पडले, तेव्हां त्यांच्या तळाशीं बसलेला गाळ सर्वांनीं पाहिला. २०१७ पासून तर सरकारनें ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजनाच चालविली. गाळ काढणें इष्ट आहे, परंतु वरून येणारी माती थांबविल्यावांचून तो काढीत बसणें म्हणजे फुटक्या रांजणांत पाणी भरणें होय. खपलीमुळें पाणी मात्र नेहमींच अधिक मुरतें असें समजूं नये. गोंद फुगल्यावर बारीक रंध्रें बंद होऊन कधीं कधीं पाणी अधिकच वाहतें. तथापि जें वाहतें तें बरेंच निर्मळ वाहतें. पाणी अडविण्यासाठीं समतल चर व बांध हे लागतातच. खपली त्यांस गाळानें भरूं देत नाहीं, इतकेंच.

तिचा नाश कशानें होतो ? मुख्यतः कोरड्या दिवसांतील खुरांनीं. ओली खपली दबते व पुन्हां सांधते. वाळलेली खपली खुराखालीं चुरा होऊन वाऱ्यानें उडते, व ती पूर्ववत् होण्यास वर्षें लागतात. मुरूम खणणें, गवत पेटविणें, चाकांच्या नव्या नव्या वाटा पाडणें, हींहि कारणें आहेत. चीनच्या उत्तरेकडील कोरड्या प्रदेशांत नॉस्टॉकचीच केंसांसारखी एक जात खाण्यासाठीं दाताळ्यांनीं ओरबाडून काढीत असत. तीबरोबर गवताचीं मुळें व जमिनीची कातडीहि निघून येई. कुरणांचा होणारा नाश पाहून तेथील सरकारनें २००० सालीं ती गोळा करण्यास व विकण्यास बंदी केली.

आपल्याकडे प्रश्न चराईचा आहे, आणि तो बंदीच्या एका फटकाऱ्यानें सुटणारा नाहीं. ज्याच्याकडे चार शेळ्या आहेत व गुंठाभरहि जमीन नाहीं, त्यास ‘गायरानांत जाऊं नको’ असें बागाईतदारानें सांगणें शोभत नाहीं. जालना तालुक्यांतील कडवंची गांवीं खरपुडीच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळानें इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाखालीं जें काम केलें, तें आज शेततळीं व द्राक्षबागा ह्यांसाठीं प्रसिद्ध आहे. परंतु त्या कार्यक्रमाची एक अट पाणलोटक्षेत्रांत मोकाट चराई थांबविण्याची होती, हें फारसें सांगितलें जात नाहीं. त्या अटीचा हेतु गवत व झाडें वाढविण्याचा होता. तरी ज्या माळावरून खुरें उठतात, तेथें खपलीसहि उसंत मिळते. आमची सूचना अशी आहे कीं, गायरानाचे तीन भाग करावे व दरसाल एक भाग पूर्ण बंद ठेवून त्यांतील गवत विळ्यानें कापून नेऊं द्यावें. कापणीचा पहिला हक्क भूमिहीन शेळीवाल्यांस असावा. उरलेल्या भागांत चराई पावसाळ्यांत व त्यानंतर ओल असेपर्यंत चालूं द्यावी. फाल्गुनापासून मृगापर्यंत उताराचे माथे तरी मोकळे ठेवावे. त्या दिवसांत तेथें गुरांस मिळतें तें थोडें, आणि मोडतें तें फार.

ज्यांस हें सर्व ऐकीव वाटेल त्यांनीं स्वतः पाहावें. मृगापूर्वीं एकाच उतारावर, शेजारीं शेजारीं, हातभर लांबरुंद असे दोन चौकोन आंखावे. एका चौकोनावरची काळी खपली खुरप्यानें हलकेच खरवडून टाकावी, दुसरीस हात लावूं नये. दोहोंच्या खालच्या अंगास एकेक पसरट थाळी जमिनींत बसवावी. नंतर रोपांस पाणी घालण्याच्या झारीनें, छातीइतक्या उंचीवरून, दोहोंवर सारखेंच एकेक झारी पाणी सोडावें. थाळ्यांतील पाणी दोन काचेच्या पेल्यांत ओतून रात्रभर स्थिर ठेवावें व सकाळीं तळाशीं बसलेली माती मोजावी. खरवडलेल्या चौकोनावर नंतर थोडें वाळलेलें गवत पसरून द्यावें आणि पुढील दोन-तीन पावसाळे खपली कितपत परत येते याची नोंद ठेवावी.